जुन्या बोटीचा पेट्रोलचा काटा: आधी वाफ, मग टाकी, मग वायर

माजलगाव धरणावर मासेमारी करणाऱ्या सोसायटीच्या एका तरुण सभासदाने विचारलं आहे. त्यांनी कोकणातून 18 फुटी जुनी फायबर बोट आणली. मागे 40 हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड इंजिन, फळीखाली ॲल्युमिनियमच्या दोन टाक्या आणि पॅनलवर एकच काटा, तोही कायम फुल्लवर अडकलेला. गावातल्या गाडीच्या इलेक्ट्रिशियनने सुचवलं, की जुनी वायर तोडू, बॅटरीवरून टाकीपर्यंत नवी ओढू आणि जीपचा काटा बसवू. त्यांचे प्रश्न तीन आहेत. असं करावं का? दोन टाक्यांना एक काटा चालतो का? आणि फायबरची बोट पाण्यात असताना टाकीला अर्थिंग कशाला लागतं?

भाऊ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. बॅटरीचा करंट थेट टाकीवरच्या फ्लोटला, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या युनिटला, कधीही द्यायचा नाही. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण ही बोट एकट्याची नाही. तिच्यात पहाटे जाळी काढायला चार-पाच माणसं बसणार आहेत.

गाडीची टाकी खाली उघड्यावर लटकते. पेट्रोल झिरपलं तरी वाफ वाऱ्यावर निघून जाते. बोटीची टाकी बंद पोटात असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी बसते आणि बोटीच्या तळाला भोक नसतं, त्यामुळे तिथेच साचून राहते. हवेत वाफेचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की ठिणगीची वाट बघत बसलेला स्फोटच तो. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ सोडतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 ला जातो, तेव्हा फळीखाली काय होत असेल याचा विचार करा. डिझेलचं गणित वेगळं आहे. त्याचा ज्वलनबिंदू, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, 35 अंशांच्या वर असतो, म्हणून डिझेलच्या बोटीत थोडी सवलत मिळते. तुमची पेट्रोलची आहे, तिथे सवलत नाही.

आता करंटचं. टाकीवर बसवलेलं फ्लोट युनिट म्हणजे एक साधा रेझिस्टन्स असतो. तरंगणारा फ्लोट वरखाली होतो तसा तो रेझिस्टन्स बदलतो आणि पॅनलवरचा काटा तो बदल वाचतो. करंट बॅटरीकडून फ्यूज, चावी, मग काट्याच्या आतली गुंडाळी असा जातो आणि गुंडाळीतून गाळून आलेला थोडासाच टाकीकडे पोहोचतो. तो मिलिअँपिअरमध्ये मोजायचा असतो. टाकीजवळचं वायरिंग सुरक्षित राहतं ते याच गुंडाळीमुळे. तुम्ही 12 व्होल्ट थेट फ्लोटला लावले आणि फ्लोट 33 ओहमवर असला, तर सव्वाचार वॉटहून जास्त उष्णता त्या केसाएवढ्या बारीक तारेत पेट्रोलच्या तोंडाशी तयार होते. तार जळते, तुटते, आणि तुटताना ठिणगी पडते.

याच कारणासाठी गॅरेजमधल्या दोन सवयी बोटीच्या टाकीजवळ आणायच्या नाहीत. एक, वायरला वायर घासून ठिणगी पडते का बघणं. दोन, टेस्ट बल्ब. इंडिकेटरचा 21 वॉटचा बल्ब 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो आणि तो सगळा करंट तुम्ही फ्लोटच्या वायरमधून नेता. तपासणी डिजिटल मल्टिमीटरनेच करायची. साधा, स्वस्त डिजिटलही चालतो, महागडा लागत नाही.

हात लावण्याआधीची तयारी अशी. बोट पाण्याबाहेर, सावलीत, घरापासून आणि चुलीपासून दूर. फळ्या काढा, सगळी झाकणं उघडा आणि दिवसभर वारा लागू द्या. वारा नसेल तर पंखा बाहेर लांब ठेवून ताजी हवा आत ढकला. पंखा तळाशी ठेवून वाफ बाहेर ओढायची नाही, कारण मग ती वाफ पंख्याच्या मोटरमधून जाते. बॅटरीचा निगेटिव्ह आधी सोडा, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी बोटीतून उचलून बाहेर ठेवा. टाकीतलं पेट्रोल हाताने दाबायच्या पंपाने काढायचं, तोंडाने ओढून नाही आणि इलेक्ट्रिक पंपाने तर मुळीच नाही. ड्राय पावडरचं अग्निशामक नळकांडं जवळ असू द्या. पाण्याच्या बादलीचा पेट्रोलच्या आगीवर उपयोग नाही, पेटतं पेट्रोल पाण्यावर तरंगून पसरतं. शेवटी नाक. तळाशी वास येतोय तोवर काम सुरू करायचं नाही.

मग जुनी वायर बघा. बोट खाऱ्या हवेतली आहे, म्हणून हे महत्त्वाचं. काट्याच्या मागची वायर दोन इंच सोलून बघा. तांबं तांबूस चकचकीत असेल तर ठीक. काळं पडलं असेल किंवा हिरवट भुकटी हाताला लागत असेल, तर मीठ इन्सुलेशनच्या आतून फूटभर तरी पुढे गेलेलं असतं. टोक कापून नवं थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) लावलं की चार महिने चालतं आणि पुन्हा तोच घोळ होतो. अशी वायर पूर्ण बदला. शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली, बारीक तारांची, दीड चौरस मिलिमीटरची घ्या. छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला मागवली तर मिळते. घरच्या फिटिंगची जाड एकतारी वायर बोटीत घालू नका. इंजिनाच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते आणि बाहेरून कळत नाही.

वायर बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधू. काट्याच्या मागे वायर जोडायचे साधारण तीन खिळे (टर्मिनल) असतात. ‘आय’वर चावीकडून येणारा करंट, ‘एस’वर टाकीकडे जाणारी वायर, ‘जी’वर निगेटिव्ह. बोटीच्या वायरिंगचे रंग ठरलेले आहेत. चावीची वायर जांभळी, फ्लोटची गुलाबी, निगेटिव्ह काळी किंवा पिवळी, टाकीच्या अर्थची हिरवी. जुन्या बोटीत मधल्या मालकांनी हाताला लागेल त्या रंगाची वायर जोडलेली असते, तेव्हा रंगावर विसंबू नका, पण नवीन टाकताना हेच रंग पाळा. तुमच्यानंतर बोट उघडणाऱ्याला ते वाचता येतील.

टाकीवरचं फ्लोट कोणत्या जातीचं आहे हे आधी कळलं पाहिजे. दोन जाती सर्रास सापडतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33 च्या आसपास. युरोपियन पद्धतीत उलटं, रिकामी असताना 10 आणि भरलेली असताना 180. फ्लोट एका जातीचं आणि काटा दुसऱ्या जातीचा असेल तर तो कधीच खरं बोलणार नाही, वायरिंग कितीही सुंदर करा. जीपचा काटा बसवू नका म्हणतो ते यामुळे. तो कोणत्या ओहमसाठी बनलाय हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं, आणि पुष्कळ गाड्यांचे काटे तर आता कॉम्प्युटरकडून सिग्नल घेतात, फ्लोटशी त्यांचा थेट संबंधच नसतो.

बॅटरी बाहेरच असू द्या. फ्लोटच्या मधल्या खिळ्यावरची वायर काढून, तो खिळा आणि फ्लोटची चकती यांच्यात मल्टिमीटरने ओहम मोजा. टाकी रिकामी केली आहे, म्हणून 240 च्या जवळ आकडा आला तर अमेरिकन, 10 च्या जवळ आला तर युरोपियन. काहीच आलं नाही तर आतली तार तुटली आहे. रिकाम्या टाकीवरही 33 दाखवत असेल तर फ्लोट वरच अडकला आहे. दुष्काळी वर्षांत आपल्याकडे हे फार होतं. 2016 ला मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तशा वर्षी बोटी महिनोन्‌महिने काठावर पडून असतात. टाकीत उरलेलं पेट्रोल उडून जातं, मागे डिंकासारखा चिकट थर राहतो आणि फ्लोट त्यात जिथे होता तिथेच बसतो.

फ्लोट ठीक निघाला, तर वायर आणि काटा तपासायचा. तळात वास नाही याची खात्री करून बॅटरी परत जोडा. चावी बंद ठेवून काट्याच्या मागची ‘एस’ची वायर सोडा, मग चावी लावा. अमेरिकन जातीचा काटा असेल तर तो रिकाम्यावर पडला पाहिजे. पडला, तर काटा चांगला आहे, भानगड वायरमध्ये किंवा टाकीकडे. पडला नाही, तर काटा गेला किंवा त्याचा ‘जी’ सुटलाय. युरोपियन जातीचा काटा वायर सोडल्यावर उलट फुल्लच्याही पुढे जातो, हे ध्यानात ठेवा. म्हणजे तुमचा फुल्लवर अडकलेला काटा युरोपियन असेल तर बहुधा वायर कुठेतरी तुटली आहे, आणि अमेरिकन असेल तर वायर कुठेतरी निगेटिव्हला टेकली आहे. एकच लक्षण, पण दोष अगदी विरुद्ध. वायर सोडणं-जोडणं दर वेळी चावी बंद करून, आणि करंट असलेल्या सगळ्या तपासण्या पॅनलच्या टोकाला. टाकीच्या टोकाला करंट असताना काही सोडायचं नाही, काही टेकवायचं नाही.

पण तुमच्या बोटीत मला आणखी एक शंका आहे, आणि ती मी सगळ्यात आधी तपासेन. दोन टाक्या आणि एक काटा म्हटल्यावर आधीच्या कुणीतरी दोन्ही फ्लोटच्या वायरी पिळून एकत्र ‘एस’ला जोडल्या असतील. हे करणारे भेटतात, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. दोन रेझिस्टन्स असे समांतर जोडले की आकडा घटतो, दोन्ही सारखे असतील तर निम्मा होतो. अमेरिकन जातीच्या दोन्ही टाक्या रिकाम्या असतील तर 240 आणि 240 मिळून 120 ओहम होतात, आणि त्या आकड्याला काटा जवळजवळ अर्धी टाकी दाखवतो! एक टाकी भरलेली आणि एक रिकामी असली तर साधारण 29 ओहम, म्हणजे काटा फुल्ल. धरणाच्या मध्यावर, वाऱ्यात, अर्धी टाकी आहे या भरवशावर माणूस थांबलेला असतो आणि इंजिन बंद पडतं. नाथसागरावर किंवा माजलगावला संध्याकाळी वारा सुटला की लाटा कशा उठतात हे तुम्हाला सांगायला नको.

एका काट्यावर दोन टाक्या वाचायच्या असतील तर पॅनलवर दोन बाजूंचा निवड-स्विच लावा. काट्याच्या ‘एस’कडून वायर स्विचच्या मधल्या पायाला, आणि दोन्ही बाजूंच्या पायांना एकेका टाकीची गुलाबी वायर. स्विच एका वेळी एकच टाकी जोडणारा हवा. प्रत्येक फ्लोटचा निगेटिव्ह मात्र वेगळा आणि कायम जोडलेला. खरं सांगायचं तर मी दोन वेगळे काटे लावायला सांगेन. इंजिनाला पेट्रोल डाव्या टाकीतून आणि काटा उजव्या टाकीवर, असं घाईत सहज होतं. दुसऱ्या काट्याचा खर्च तुम्ही चार-पाच जणांत वाटला तर काहीच नाही.

वायर अशी घाला. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून मुख्य स्विच, त्याच्या अगदी जवळ फ्यूज, मग चावी, मग ‘आय’. काट्यासाठी वेगळा 2 किंवा 3 अँपिअरचा फ्यूज पुरतो. तिथे 15 चा घालून ठेवला तर तो वायर जळेपर्यंत उडणार नाही. वायर बोटीच्या कडेने वरून न्यायची, तळातल्या पाण्यातून नाही, आणि दर दीड फुटाला क्लिप मारायची. पेट्रोलच्या पाइपला वायर बांधून नेऊ नका. पाइप आयता सापडतो म्हणून लोक बांधतात, पण वायर तापली तर पहिला तोच वितळेल. मधे जोड नकोच, पॅनल ते टाकी एकच तुकडा. टोकांना गोल थिंबल, नीट दाबलेलं, वर डिंकाची श्रिंक ट्यूब, तापवल्यावर आकसून घट्ट बसते ती. ती टाकीपासून लांब बसून तापवायची, लायटर किंवा हीट गन घेऊन टाकीच्या कप्प्यात उतरायचं नाही. थिंबल आणि श्रिंक बाहेर तयार करा, आत फक्त नट आवळा. फ्लोटच्या खिळ्यावर रबरी टोपी घाला, म्हणजे पान्हा पडला तरी शॉर्ट होणार नाही.

टाकीच्या कप्प्यात बॅटरी, हॉर्नचा रिले, मोबाइल चार्जिंगचं सॉकेट, साधा टॉगल स्विच यांतलं काहीही नको. तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप लागतोच, तो बोटीसाठी बनवलेला, ठिणगी बाहेर पडू न देणारा घ्या. गाडीचा वायपर मोटर किंवा कूलरचा पंप जुळवून बसवलेला मी पाहिला आहे. असं दिसलं तर काढून टाका.

आता तिसरा प्रश्न, अर्थिंगचा. माझ्या मते तुमच्या तीन प्रश्नांतला हाच सगळ्यात मोलाचा. घरच्या अर्थिंगचा अर्थ इथे लावू नका. इथे जमिनीत सळई पुरायची नाही. पेट्रोल पाइपमधून वाहताना घर्षणाने स्थिर विद्युत तयार होते. डेकवरचं भरायचं तोंड धातूचं, खाली टाकी धातूची, पण मधे रबरी पाइप. रबर करंट नेत नाही. म्हणजे वरचं तोंड एकटं पडतं, त्याच्यावर विद्युतभार साचत जातो, आणि तुम्ही कॅनचं धातूचं नरसाळं तिथे टेकवलं की बारीक ठिणगी उडते. नेमकी त्या जागी, जिथून त्या क्षणी सगळ्यात जास्त वाफ बाहेर येत असते.

किनाऱ्यावर हवा दमट असते, भार आपोआप झिरपून जातो. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो. ज्या बोटीला कोकणात वर्षानुवर्षे काही झालं नाही, तिला मराठवाड्यात होऊ शकतं. म्हणून आपल्याकडे टाकीचा अर्थ अधिक काटेकोर हवा.

डेकवरच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक हिरवी वायर आणि टाकीपासून निगेटिव्हच्या मुख्य पट्टीपर्यंत दुसरी. दोन्ही टाक्यांना वेगवेगळी. थिंबल टाकीला वेल्ड केलेल्या कानाला किंवा भरायच्या तोंडाच्या खास स्क्रूला आवळायचं. बरेच जण वायरचं टोक पाइप आणि नळी यांच्यामध्ये घालून वरून होज क्लिप आवळतात. ते चुकीचं आहे, तिथून पेट्रोल पाझरतं. ॲल्युमिनियमवर थेट पितळ किंवा तांबं टेकवू नका, दोन धातूंमध्ये ओल शिरली की ॲल्युमिनियम खात जातं. मुलामा दिलेलं थिंबल आणि स्टेनलेसचा नट-बोल्ट वापरा. जागा आधी घासून चकचकीत करा, नंतर थोडं ग्रीस.

ही हिरवी वायर बारीक नको, 10 चौरस मिलिमीटरची घ्या. स्थिर विद्युत वाहून न्यायला बारीकही पुरली असती. पण कधी इंजिनाचा मुख्य निगेटिव्ह ढिला पडला आणि कुणी चावी मारली, तर सेल्फचा प्रचंड करंट परतीची वाट शोधत या वायरमध्ये शिरू शकतो. बारीक वायर अशा वेळी टाकीच्या शेजारीच लाल होईल. इंजिनाचा निगेटिव्ह नट दर महिन्याला हाताने हलवून बघायचा तो यासाठीच.

झाल्यावर मोजा. बॅटरी बाहेर, मल्टिमीटरचं एक टोक भरायच्या तोंडाला, दुसरं निगेटिव्ह पट्टीला. अमेरिकन कोस्ट गार्डच्या नियमात 100 ओहमच्या आत ही मर्यादा आहे. नीट केलेल्या जोडाला 1 ओहमही येत नाही. मला 2-3 दिसले तरी मी जोड उघडून पुन्हा घासतो.

भरण्याची पद्धतही यात आलीच, कारण आपल्या धरणांच्या काठावर बोटीसाठी पंप नाहीत, पेट्रोल कॅनमधूनच येतं. विनापरवाना 30 लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येतं, तेवढंच आणा. पंपावर कॅन जीपमध्ये किंवा मोटारसायकलवर ठेवून भरू नका, जमिनीवर ठेवून भरा. बोटीत ओतताना धातूचं नरसाळं तोंडाला टेकलेलं ठेवूनच ओता, मधेच उचलू नका. प्लास्टिकच्या नरसाळ्याने आणि नायलॉनच्या फडक्याने गाळणं बंद करा. इंजिन बंद, चावी बंद, माणसं काठावर. भरून झाल्यावर झाकणं उघडी ठेवा, वास जाऊ द्या, मगच सुरू करा. तळातली वाफ बाहेर फेकणारा, बोटीसाठीच बनवलेला ब्लोअर बसवला असेल तर किमान चार मिनिटं चालवून मग चावी.

आता टाकी. वायरिंगपेक्षा मला तिचीच काळजी जास्त आहे. जुन्या बोटीत टाकीभोवती फोम भरलेला असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. ओल्या फोममध्ये ॲल्युमिनियमला बाहेरून पांढरी भुकटी येते आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. फोम नखाने दाबून बघा, पाणी सुटलं तर टाकी बाहेर काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. रिकामी, कोरडी टाकी सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हलकेच हवा भरून, साबणाच्या पाण्याने तपासा. दाब 3 पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, टाकी फुगून फुटेल. कॉम्प्रेसर लावू नका.

भोक सापडलं तर ती टाकी वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. धुतली, पाणी भरून ठेवली, आठवडाभर उन्हात पालथी घातली, तरी सांध्यांत आणि पेट्रोल हिंदकळू नये म्हणून टाकीत बसवलेल्या पडद्यांमागे पेट्रोल राहतं आणि ठिणगीला टाकी फुटते. पेट्रोलची टाकी वेल्ड करताना माणसं गेलेली आहेत. नवीन करून घ्या किंवा टाकीच बदला.

तुमचा खर्चाचा हात आखडता असेल तर तिसरा रस्ताही आहे आणि तो कमीपणाचा नाही. फळीखालच्या टाक्या काढून टाका आणि 24-25 लिटरच्या दोन सुट्या लाल टाक्या घ्या, आउटबोर्डसाठी मिळतात त्या. त्यांच्या झाकणावर साधा यांत्रिक काटा असतो, वायर नाही, करंट नाही. भरताना टाकी बोटीतून उचलून जमिनीवर ठेवायची, म्हणजे वाफ बोटीत साचतच नाही. 40 हॉर्सपॉवरचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला साधारण 15 लिटर पितं, पण जाळ्यांपर्यंत जाऊन येणारी बोट पूर्ण थ्रॉटलवर किती वेळ असते? माजलगावसारख्या धरणावर मासेमारीसाठी माझी पहिली पसंती हीच. फळीखालच्या टाक्या धडधाकट निघाल्या तरच त्यांच्यावर खर्च करा.

टाक्या ठेवायच्या ठरल्या तर फ्लोटचं गॅस्केट बदलाच. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुना कॉर्क आणि जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. गॅरेजमध्ये गॅस्केटला शेलॅक लावायची पद्धत आहे. निव्वळ पेट्रोलला ते टिकायचं, पण शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. सिलिकॉनही चालत नाही, पेट्रोल त्याला खातं. इथेनॉल चालणाऱ्या रबराचं गॅस्केट कोरडं बसवा. फ्लोटच्या चकतीला पाच स्क्रू असतात आणि त्यांची भोकं सम अंतरावर नसतात, त्यामुळे ती एकाच बाजूने बसते. जबरदस्ती करू नका, फिरवत जा, सापडेल. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. दांडीवाला फ्लोट आतल्या पडद्याला अडत नाही ना हे बसवण्याआधी हात घालून बघा. नवीन घेत असाल तर सरळ नळीचा सीलबंद फ्लोट घ्या, त्यात घासून खराब होणारं काही नसतं. टाकीची खोली मोजून लांबी निवडा, नळी तळाला टेकता कामा नये. इंजिनाकडे जाणारा पाइपही जुना असेल तर याच वेळी बदला.

टाकीची हवेची नळी विसरू नका. ती बोटीच्या बाहेर उघडली पाहिजे, तोंडाला बारीक जाळी हवी, आणि मधे कुठे झोळ नको, नाहीतर झोळात पेट्रोल साचून नळी बंद होते. बोट पडून असते तेव्हा गांधीलमाशी त्यात मातीचं घर करते, तार घालून बघा. पेट्रोल तापलं की फुगतं, 20 अंश वाढले तर 50 लिटरमागे सुमारे एक लिटर. सकाळी गारव्यात काठोकाठ भरलेली टाकी दुपारी बाहेर ओकते, आणि ते पेट्रोल धरणात जातं. ज्या धरणांतून गावं-शहरं पाणी पितात तिथे हे होऊ देऊ नका. वरचा वीसावा हिस्सा तरी रिकामा ठेवा.

सगळं जोडून झालं की काटा पारखून घ्या. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओता, दर वेळी काटा कुठे आला ते पट्टीवर लिहा आणि बांबूच्या कोरड्या काठीवरही खूण करा. बोटीची टाकी तळाला निमुळती असते, म्हणून अर्ध्यावरचा काटा अर्धं पेट्रोल दाखवत नाही, बहुतेक वेळा कमीच असतं. काठी बोटीत कायम राहू द्या. पेट्रोलचे तीन वाटे धरा, एक जायला, एक यायला आणि एक हाताशी, मग काटा काहीही म्हणो.

इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार तपासणी आणि नोंदणी लागते. त्या तपासणीआधी हे काम उरकलेलं बरं.

तूर्त एवढं करा: फळ्या उघडा, फोम दाबून बघा, ‘एस’वर एक वायर आहे की दोन पिळलेल्या आहेत ते बघा, आणि दोन्ही टाक्या रिकाम्या करून फ्लोटचे ओहम मोजा. दोन्ही आकडे आणि टाकीची खोली कळवा, म्हणजे कोणत्या जातीचा काटा आणि किती लांबीचा फ्लोट घ्यायचा ते नक्की सांगतो. तोवर त्या इलेक्ट्रिशियन भावाला वायर विकत घेऊ देऊ नका.